आशय फक्त संवादात नसतो

कुणीतरी म्हटलंय की नाटकाचा आशय शेवटी संवादांतूनच कळतो, बाकी सगळी सजावट. मला हे पटत नाही.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. खोटा खटला खेळता खेळता खरा होतो, ही रचनाच अर्धा आशय सांगून जाते. आणि तो शेवटाकडचा भाग! आरोपी ठरवलेल्या बेणारेला बोलायला 10 सेकंद मिळतात. ती लांबलचक स्वगत बोलते, बाकीचे सगळे जागच्या जागी गोठलेले. ते संपल्यावर न्यायाधीश झालेले काशीकर म्हणतात, वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे आपण ऐकलं ते कोर्टात कुणी ऐकलंच नाही! बाईचं म्हणणं समाजाच्या कानापर्यंत पोचत नाही, हे एकाही पात्राला म्हणावं लागत नाही. स्वगत या जुन्या, जरा बदनामच झालेल्या साधनाचा इतका धारदार वापर क्वचितच दिसतो.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’चा (1879) शेवट तर नायिका घर सोडून जाताना दार आपटल्याच्या आवाजाने होतो. संवाद नव्हे, रंगसूचना. वाचताना आपण नेमक्या याच कंसातल्या ओळी गाळतो (मीही गाळायचो).