सीआरटी कुणाला? इकोचा हट्ट पुरे झाला

घटप्रभा: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘इकोत डिससिंक्रोनी (हृदयाच्या भिंती एका तालात न आकसणं) दिसली की सीआरटी (तो ताल जुळवणारा पेसमेकर) बसवा, क्यूआरएसचं (ईसीजीतल्या ठोक्याच्या लाटेची रुंदी) काय घेऊन बसलात.’ हेच इकोसीआरटी चाचणीत करून झालंय. क्यूआरएस १३० मिलिसेकंदांच्या आत, पण इकोत डिससिंक्रोनी, असे ८०९ रुग्ण. यंत्र सगळ्यांना बसवलं, सीआरटी निम्म्यांचंच चालू केलं. चालू गटात ४५ दगावले, बंद गटात २६. २०१३ मध्ये चाचणी अर्ध्यावर थांबवली. त्याआधी २००८ च्या प्रॉस्पेक्ट चाचणीत बारा इको-मापं तपासली, निवडीसाठी भरवशाचं एकही निघालं नाही.

निपाणी_इको: ते वाक्य माझंच. पण प्रॉस्पेक्टमधली मापं एम-मोड आणि डॉपलरची. मी सेप्टल फ्लॅशबद्दल बोलतोय. फोर-चेंबर व्ह्यू (चारही कप्पे दिसणारा) घ्या, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) वाढवा, क्लिप सावकाश फिरवा. क्यूआरएस सुरू होताच दोन कप्प्यांमधला पडदा आत झटका मारतो आणि लगेच मागे सरकतो. हृदयाचा शेंडा आधी पडद्याकडे, मग बाजूच्या भिंतीकडे झुलतो. यात मोजायचं काही नाही, नजर लागते.

घटप्रभा: आणि तो फ्लॅश बहुतेक लेफ्ट बंडलमध्येच (हृदयाच्या डाव्या विद्युत फांदीतला अडथळा, तो ईसीजीत कळतो) दिसतो ना? म्हणजे फिरून ईसीजीवरच आलात! लेफ्ट बंडल आहे, क्यूआरएस १५० च्या वर आहे, पण फ्लॅश नाही, तर त्या माणसाला घरी पाठवणार?

निपाणी_इको: नाही पाठवणार. बरं, क्यूआरएस १३० ते १४९ वाल्यांपुरता तरी फ्लॅश धराल की नाही?

घटप्रभा: तेवढ्यांपुरता धरतो. पुढे एक पाऊल नाही.

मलप्रभाकाठ: दोघंही लीडची (डाव्या भिंतीला ठोके देणाऱ्या तारेची) जागा विसरलात. मागच्या-बाजूच्या भिंतीत आरपार स्कार (मेलेल्या स्नायूचा व्रण) असेल आणि लीड नेमकी तिथे गेली, तर कॅप्चर मिळत नाही, म्हणजे ठोका लागत नाही. मिळालं तरी लहर रेंगाळते. टार्गेट चाचणीत (२०१२, २२० रुग्ण) स्पेकल ट्रॅकिंगने (इकोत भिंतीच्या ठिपक्यांची हालचाल टिपून) सर्वांत उशिरा आकसणारा, स्कार नसलेला भाग आधी शोधला. सहा महिन्यांनी प्रतिसाद ७० टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५५. आणि गॅडोलिनियम एमआरआय (स्कार दाखवणारा) यंत्र बसवण्याआधीच उरका. नंतर जनरेटरमुळे (यंत्राच्या डबीमुळे) चित्र बिघडतं.

लीडवाला: जागा ठरवाल हो, पण तिथे शीर नको का? कोरोनरी सायनसचा (हृदयाच्या मोठ्या शिरेचा) व्हेनोग्राम, म्हणजे औषध घालून शिरांचा एक्स-रे, केला की हवी ती शीर बारीक नाहीतर वेडीवाकडी निघते. शीर मिळाली तर कधी फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) पेस होते आणि ठोक्यागणिक पोट उडतं. चार पोलची (ठोका देणाऱ्या चार टोकांची) लीड असेल तर पोल बदलून बऱ्याचदा सुटका होते.

खानापूर_रोड: अहो, चित्र पेशंटच्या हातात असतं कुठे? चिक्कोडीचा माणूस बेळगावात इको करतो, पुढे कोल्हापूर, मिरज नाहीतर हुबळी गाठतो. पिशवीत एकच कागद, ‘डीसीएम, ईएफ २५ टक्के’ (हृदय फुगलेलं, दर ठोक्याला पंपिंग २५ टक्के). त्यात ना फ्लॅश, ना स्कार. पुन्हा इको, पुन्हा पैसे. क्लिप न देणाऱ्यांनी इमेजिंगवर भांडू नये!

निपाणी_इको: सीडी मागितली की मिळते. उगाच सगळ्यांना झोडपू नका.

खानापूर_रोड: मागायची असते हे त्या शेतकऱ्याला कोण सांगणार? आणि मिळतो तो दाबून लहान केलेला व्हिडिओ, फ्रेम रेट पडलेला. तुमचा फ्लॅश त्यात दिसणारच नाही.

मलप्रभाकाठ: हे खरं आहे. मूळ डायकॉम (मशीनमधली न दाबलेली) फाइलच द्यायला हवी, सोबत बारा लीडचा ईसीजी. थर्मल कागद फिका पडतो, म्हणून झेरॉक्सही.

घटप्रभा: आणि ईएफसोबत एंड-सिस्टोलिक व्हॉल्यूम (आकसल्यावर डाव्या कप्प्यात उरलेलं रक्त) मिलिलिटरमध्ये लिहा. सहा महिन्यांनी तो १५ टक्के घटला का, यावर सहसा प्रतिसाद ठरवतात. पहिला आकडाच नसेल तर कशाशी ताडणार?

निपाणी_इको: व्हॉल्यूम लिहीन. डायकॉमही देईन. फ्लॅशची ओळही रिपोर्टात राहील, ती काढणार नाही.