कोडचे तयार तुकडे वाटावेत की नाही?

वर्धाकाठ :
परवा या चर्चा-मंचावर एका सरांनी लिहिले की, आपल्याकडची मुले दुसऱ्याच्या संगणकीय कोडचे पाच-दहा ओळींचे तुकडे उचलून वेळ मारून नेतात, म्हणून असे स्निपेट आणि टिपणे वाटणे बंद करावे. ज्याचे अडेल त्याने मूळ डॉक्युमेंटेशन (भाषेची किंवा साधनाची माहितीपुस्तिका) वाचावे. हे मला इतके लागले की सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या कंपनीत ज्याचे अडते, तो शेजारच्या टेबलावर विचारतो. हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या गावात शेजारी उभी पऱ्हाटी आहे. मला पहिले काम मिळाले ते शेतकऱ्यांची यादी तयार करण्याचे. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली) फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर नावांच्या जागी नुसती चिन्हे आली आणि १२/३ हा गट क्रमांक १२ मार्च होऊन बसला. दोन रात्री जागूनही ते सुटले नाही. शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनोळखी माणसाचे चार ओळींचे टिपण सापडले : पायथन भाषेत फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवावे, आणि गट क्रमांकाचा रकाना उघडताना नव्हे, तर आयात करतानाच ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा. काम पंधरा मिनिटांत झाले. एक्सेलच्या या खोडीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले आहेत. मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी नावे तारखा होतात म्हणून बदलल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. असे टिपण वाटू नये, असे सरांनी मला समोर येऊन सांगावे.

पूर्णाकाठ :
ते सर मीच. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवतो, आणि जे लिहिले ते सोसून लिहिले आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जिनिंगच्या वजनकाट्यासाठी संगणकाच्या सिरियल पोर्टवरून वजन वाचणारा बारा ओळींचा तुकडा कुठूनसा उचलला. काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर प्रत्येक आकड्यासोबत वजन स्थिर आहे की हलते आहे याची खूण पाठवत होता. तुकड्यात ती खूण तपासलेलीच नव्हती. कापसाच्या ट्रॅक्टरची मागची चाके काट्यावर चढत असतानाच वजन नोंदले गेले आणि पावतीवर दोन क्विंटल कमी लागले. शेतकऱ्याने आधी दुसऱ्या काट्यावर वजन केले होते म्हणून ते उघडकीस आले. ज्यांनी केले नसेल त्यांचे काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

जाणकारांची गत वेगळी नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर बाइट्सचा आकडा माणसाला वाचता येईल असा करून दाखवणारे जावा भाषेतले एक उत्तर २०१० मध्ये दिले गेले आणि पुढे हजारो प्रकल्पांत जसेच्या तसे गेले. त्यात ९,९९,९९९ बाइट्स १ एमबी न दिसता १००० केबी दिसत होते. लिहिणाऱ्याने स्वतःच ती चूक २०१९ मध्ये जाहीर केली. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएम या तयार कोडच्या भांडारावरून काढले गेले, तेव्हा त्यावर विसंबलेले जगभरचे बिल्ड (कोडमधून प्रोग्राम उभा करण्याचे काम) अडले, हेही आपण सारे जाणतो.

वर्धाकाठ :
सर, लेफ्ट-पॅडचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. त्या अकरा ओळी ज्यांनी आपल्या फाइलमध्ये उतरवून घेतल्या होत्या, त्यांचे काहीच अडले नाही. अडले ते परक्या पॅकेजवर विसंबलेल्यांचे.

कपाशीतूर :
तुम्ही दोघे भांडत आहात, पण मूळ दुखण्यावर कोणीच बोलत नाही. कृतिदेव या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंहितेत आणणारा कोड मी सहा महिने खपून लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘कीर्ती’ आणि ‘वर्षानुवर्षे’ नीट उमटेपर्यंत माझे डोळे गेले. मी तो मोकळेपणाने वाटला. आज एक जण तोच कोड पैसे घेऊन देतो आणि वरची माझ्या नावाची ओळ तेवढी खोडलेली आहे. आतल्या शेऱ्यातली माझी शुद्धलेखनाची चूक मात्र जशीच्या तशी आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या मजकुरालासुद्धा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे आणि त्यात श्रेय देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ‘भाऊ, टाक ना इथे’ म्हणतात आणि सकाळी तोच कोड दुसऱ्याच्या नावावर निघतो.

वणीरोड :
कपाशीतूर भाऊ, राग रास्त आहे, पण कोणत्या कळीला कोणते अक्षर हा तक्ता तुम्ही तरी जन्मतः आणला होता काय? तोही कोणीतरी आधी वाटलेलाच असणार. शिवाय तुमच्या कोडने आमच्या यादीतल्या प्रत्येक ‘ऱ्या’चा ‘र्या’ केला आहे. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘पऱ्हाटी’चे ‘पर्हाटी’ झालेले अकराशे नावांचे कागद मी हाताने तपासले. नाव मागायचे, तर चुकीलाही तेच नाव लागते.

कपाशीतूर :
तक्ता ज्यांच्याकडून घेतला त्यांचे नाव माझ्या फाइलच्या दुसऱ्या ओळीत आहे. ती उघडून न पाहता मला चोर ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि चूक दिसल्यावर अकराशे नावे हाताने तपासण्याऐवजी मला दोन ओळी लिहिल्या असत्या, तर ती त्याच दिवशी दुरुस्त झाली असती.

संत्राबाग :
मी मोर्शी तालुक्यात सेवा केंद्र चालवते आणि हे सगळे एकटीने शिकले आहे. कपाशीतूर दादा, नावाचे भांडण तुमच्यापुरते महत्त्वाचे असेल, पण आमच्याकडे स्निपेट पोहोचते तेच मोडलेले असते. ते वॉट्सॲपवर येते. शब्दाच्या मागेपुढे अंडरस्कोअर (_) असले, की वॉट्सॲप तो शब्द तिरपा करते आणि अंडरस्कोअर दिसेनासे होतात. मी तो कोड तसाच वहीत उतरवून घेतला आणि अख्खी दुपार चूक शोधत बसले. पाठवणाऱ्याने आधी आणि शेवटी तीन-तीन बॅकटिक (`) दिले असते, तर काहीच बिघडले नसते. दुसरे म्हणजे क्रम. सरळ सॉर्ट (यादी क्रमाने लावण्याची आज्ञा) लावला, की ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तीच आहे; मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी छापले गेले आणि यादी चुकली म्हणून बोलणी मला खावी लागली. मराठीचा कोलेशन (वर्णक्रमाचा) नियम लावावा, एवढे एक वाक्य त्या कोडखाली कोणी लिहिले नव्हते. सर म्हणतात डॉक्युमेंटेशन वाचा. वाचते, पण इंग्रजीची तीस पाने उघडेपर्यंत लाइन जाते आणि समोर दाखल्यासाठी आलेली माणसे उभी असतात.

पूर्णाकाठ :
ताईंचे म्हणणे मला खोडता येत नाही. वाटणे बंद करा, हे माझे वाक्य मागे घेतो; ते संतापात लिहिले गेले. पण कोणत्या यंत्रावर चालवून पाहिले आणि काय तपासलेले नाही, हे न लिहिता टाकलेला तुकडा मी आजही घातकच म्हणेन. लेफ्ट-पॅडचा मुद्दा वर्धाकाठ यांना दिला, काट्याचा देणार नाही.

वर्धाकाठ :
काट्याचा मी मागतही नाही. माझ्या तीन जुन्या टिपणांत कोणत्या आवृत्तीवर चालवले ते लिहिलेले नाही. आज रात्री लिहितो. त्या काट्याचा दुरुस्त तुकडा मात्र तुम्ही येथे द्यावा. आमच्या भागात दोन जिनिंगवर तेच काम चालू आहे.

पूर्णाकाठ :
देतो. स्थिरतेची खूण आल्याशिवाय वजन घ्यायचे नाही, आणि खूण आल्यावरही लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला तरच नोंदवायचे. खूण कोणत्या अक्षराने येते, हे इंडिकेटरगणिक बदलते, म्हणून पुस्तिका पाहिल्याशिवाय हा कोड कोणीही लावू नये. हे वाक्य कोडच्या पहिल्याच ओळीत ठेवले आहे.

कपाशीतूर :
वणीरोड यांच्यासाठी नव्हे, ताईंसाठी लिहितो. ‘य’ आणि ‘ह’च्या आधी आडवा र असेल, तेथे युनिकोडमधला ०९३० हा साधा र न घेता ०९३१ हा ‘ऱ’ घ्यावा आणि त्यानंतर हलन्त द्यावा. नवी फाइल आजच टाकतो. फाइलच्या वरच्या, नावांच्या दोन्ही ओळी कृपया कोणी खोडू नयेत.