गावच्या नेटसाठीची वसुली थांबवावी का?

कोपरीकर:
मोबाइल कंपन्या आपल्या समायोजित उत्पन्नाच्या ८ टक्के लायसन्स फी भरतात. त्या ८ पैकी ५ टक्के डिजिटल भारत निधीत जातात, गावोगावी फोन-नेट पोचवायला (जुना यूएसओ फंड, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने नाव बदललं). साठलेले पैसे संपेपर्यंत नवे घेऊ नका, असं कंपन्यांची संघटना म्हणत आलीय. मला हे धोक्याचं वाटतं. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावी रेशनवाला मशीन घेऊन टेकाडावर चढतो, मागोमाग रांग. तिथे दोन दांड्या येतात. म्हाताऱ्यांचा अंगठा तसाही पटकन लागत नाही.

नेरूळवासी:
ते ५ टक्के शेवटी रिचार्जमधूनच वसूल होतात, त्या म्हाताऱ्यांकडूनही. अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायचं २०११ मध्ये ठरलं. तुमच्या पंचायतीतला फायबरचा डबा चालू आहे का, तेवढं खरं सांगा.

कोपरीकर:
नाही. हिरवा दिवा दोन पावसाळ्यांपूर्वी शेवटचा पाहिला. कपाटाला कुलूप, किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकाकडे तीन गावं.

नेरूळवासी:
झालं तर मग! 😄

जोडारी:
हसू नका. मुरबाड बाजूला स्प्लायसिंग (फायबरचे जोड) केलंय मी. केबल टाकायला पैसे होते, सांभाळायला नव्हते. पंचायती माळेसारख्या ओवलेल्या. जेसीबीने एका जागी तोडली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित भारतनेटमध्ये (पंचायतींच्या फायबरची हीच योजना, १,३९,५७९ कोटी) रिंग आहे, एकीकडून तुटलं तर दुसरीकडून चालतं. १० वर्षांची देखभालही ठेकेदाराच्याच गळ्यात. आत्ता कुठे शहाणपण सुचलंय, आणि आत्ताच नळ बंद करायचा?

नेरूळवासी:
कागदावर रिंग छानच दिसते. पैसे कंपन्यांकडे राहिले तर त्या टॉवर उभारतील.

पाड्यावरची सून:
कुठे उभारतील? हायवेलगत आसनगाव-वाशिंदला? तिथे आहेतच की. आमच्या पाड्यावर पस्तीस घरं, दिवाळीनंतर त्यातली अर्धी वीटभट्टीवर. टॉवरच्या डिझेलचे पैसेही सुटायचे नाहीत.

नेरूळवासी:
ताई, हे मान्य. पाड्यावर कंपनी येणार नाही. पण मग साठलेले आधी खर्चा, तोवर वसुली निम्मी करा.

कोपरीकर:
साठलेले म्हणजे काही पेटीत ठेवलेले नाहीत हो. वसुली भारताच्या एकत्रित निधीत जमा होते, संसदेने मंजूर केलं की तेवढीच बाहेर येते. वसुली निम्मी झाली तर मंजुरीही निम्मी होईल, पैज लावतो.

जोडारी:
काका, ते कपाट उघडून फोटो टाका. डब्यावर लाल दिवा असेल तर फायबर तुटलंय, एकही दिवा नसेल तर बॅटरी नाहीतर पंचायतीचं थकलेलं वीजबिल.

कोपरीकर:
रविवारी जातोय. किल्ली मिळाली तर टाकतो.