शब्दचर्चा : 'रिपॅट्रिएशन'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

रानजाई
एका दिवाळी अंकासाठी लेख अनुवादित करतेय. विषय : दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश-अमेरिकनांनी त्यांच्या ताब्यातले रशियन युद्धकैदी आणि निर्वासित बळजबरीनं सोव्हिएत संघाकडे धाडले, तो. मूळ लेखात पानोपानी 'फोर्स्ड रिपॅट्रिएशन' येतं, म्हणजे माणसांना सक्तीनं त्यांच्या मायदेशी परत पाठवणं. मी 'सक्तीचे प्रत्यावर्तन' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'सक्तीची घरवापसी' केलं. वाचकाला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मला तो शब्द सोसवत नाही. ज्या परिच्छेदात तो बसवलाय, तो असा आहे : ऑस्ट्रियात लिएंट्सजवळ द्राउ नदीच्या काठी पेगेट्सची छावणी. १ जून १९४५. कॉसॅक (रशियातला एक लढवय्या समाज) कुटुंबांनी उघड्यावर प्रार्थना मांडलीय. मधे धर्मगुरू, प्रतिमा, बायका-मुलं, आणि बाहेरून तरुणांनी हातात हात अडकवून कडं केलंय. ब्रिटिश सैनिक बंदुकीच्या दस्त्यांनी आणि कुदळीच्या दांड्यांनी ते कडं फोडतात आणि माणसं ओढून ट्रकमध्ये भरतात. चेंगराचेंगरीत माणसं मरतात, काही जण नदीत उड्या घेतात. याच्यापुढे 'घरवापसी' कसं लिहू?

कृष्णाकाठ
ताई, 'परतपाठवणी' लिहा. साधा, कुणालाही कळेल असा शब्द आहे. शिवाय पाठवणीत जाणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न येतच नाही, दुसरे पाठवतात. शब्द 'पाठ'वरूनच आलाय : पाठीला हात लावून पुढे करणं. आमच्याकडे लेकीच्या पाठवणीला आजी अजूनही तिच्या पाठीवर हात ठेवते.

शब्दपारखी
'पाठवणे' संस्कृत 'प्रस्थापयति'वरून, प्राकृत 'पट्ठावइ'मार्गे आलंय. अंगातल्या पाठीशी त्याचं नातं नाही. आणि पाठवणी म्हटलं की मराठी माणसाला मांडव दिसतो, डोळे पुसणारी आई दिसते. तो ओलावा या प्रसंगाला लावू नका.

कृष्णाकाठ
पुस्तकातली व्युत्पत्ती तुमची, आजीचा हात माझा. लोक शब्द ज्या अर्थानं जगतात तोही त्याचा अर्थच असतो.

टेबलखुर्ची
'प्रत्यावर्तन' मंत्रालयात रोज वापरतो आम्ही. प्रतिनियुक्ती संपली की माणूस 'मूळ विभागात प्रत्यावर्तित' होतो. त्यामुळे शब्द अवघड आहे हे मला पटत नाही. पण त्यात आदेश निघाला की माणूस गेला, एवढंच आहे. तो गेला कसा, हे त्या शब्दाला विचारताच येत नाही. रानजाईताईंच्या लेखात तर प्रश्नच तो आहे.

वोल्गापार
मी मॉस्कोत शिकलोय, म्हणून रशियन बाजू सांगतो. कॉसॅकांच्या वंशजांत लिएंट्सच्या घटनेला 'वीदाचा' म्हणतात. अर्थ : देऊन टाकणं, हवाली करणं. त्यात 'परत' नाही आणि 'देश'ही नाही. एकानं धरलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं, बस. सरकारी कागदात मात्र 'रेपात्रियात्सिया'.

आधी अधिकाऱ्यांना वेगळं काढलं, तेही बघा. २८ मे रोजी सुमारे दीड हजार अधिकाऱ्यांना सांगितलं, ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल अलेक्झांडरबरोबर परिषद आहे, संध्याकाळपर्यंत परत याल. कित्येकांनी ओव्हरकोटही बरोबर घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी युडेनबुर्गला मूर नदीच्या पुलापाशी त्यांना लाल सैन्याच्या ताब्यात दिलं. कॉसॅकांचा जुना सेनानी जनरल क्रास्नोव्ह त्यांच्यातच होता. क्रांतीनंतर देश सोडून गेलेला हा माणूस सोव्हिएत नागरिक कधी नव्हताच, म्हणजे सोव्हिएत नागरिक परत करायच्या याल्टा कराराप्रमाणे त्याला द्यायचं कारणही नव्हतं. जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत त्याला फाशी दिलं. त्याची कसली 'घरवापसी' झाली? माझं मत 'हवाली'ला.

शुद्धमराठी
'हवाली' अरबी-फारसी आहे. घरात 'स्वाधीन करणे' असताना उसना शब्द कशाला?

वोल्गापार
पोलीस ठाण्यापासून बाजारापर्यंत 'हवाली' चालतो. चारशे वर्षं वापरलेला शब्द उसना राहत नाही. आणि 'स्वाधीन'मध्ये 'स्व' आहे हो! ज्याला दुसऱ्याच्या मुठीत देताय त्याच्याबद्दल 'स्व'-अधीन लिहायचं?

शुद्धमराठी
ज्याच्या ताब्यात देतो त्याचा तो 'स्व'. 'मुद्देमाल स्वाधीन केला' हे तुम्हाला खटकत नाही ना? शब्द फोडून त्यावर अन्याय करू नका. भाषेची शुद्धी हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे.

टेबलखुर्ची
मुद्देमाल आणि माणूस यांना एकच क्रियापद लागतं, हे मला तरी खटकतं.

सनदशीर
करार कुणी वाचलाय का? क्रिमियातल्या याल्टाला ११ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटन-अमेरिकेच्या सोव्हिएत संघाबरोबर सह्या झाल्या. त्यात 'मुक्त केलेले' सोव्हिएत नागरिक परत करायचे असं आहे, बळ वापरा असं कुठेही लिहिलेलं नाही. बळ अंमलबजावणीत आलं. तेव्हा 'सक्तीचे' हे विशेषण अनुवादातून गाळता येणार नाही, मग नाम कोणतंही घ्या. आणि 'मुक्त केलेले' हेही अवतरणातच ठेवा. २९ जून १९४५ला अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या छावणीत असेच 'मुक्त' रशियन कैदी बराकीत अडून बसले, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, तिघांनी आत गळफास घेतला.

माळरान
एक बाजू राहतेय. १९४५च्या शरदापर्यंत पश्चिमेकडून वीस लाखांहून जास्त सोव्हिएत नागरिक परत गेले. त्यातल्या पुष्कळांना घरी जायचंच होतं. जर्मनांनी गुरासारखं राबायला नेलेली युक्रेनची पोरं होती ती. त्यांच्यासाठी 'मायदेशी परतणे' हाच खरा शब्द. एका लिएंट्सवरून सगळ्यांच्या प्रवासाला 'हवाली' म्हणणं चूक.

वोल्गापार
हौसेनं गेलेल्यांनाही पुढे छाननीच्या छावण्यांतूनच जावं लागलं. स्टालिनच्या १६ ऑगस्ट १९४१च्या २७० क्रमांकाच्या आदेशानं शरण गेलेला अधिकारी पळपुटा ठरत होता, त्याच्या घरच्यांना अटक होत होती. साध्या शिपायाच्या घरच्यांची सरकारी मदत बंद. घरी जायची ओढ खरी, पण दारात काय वाढून ठेवलंय हे त्या पोरांना कुणी सांगितलं होतं?

माळरान
तरीही ओढ त्यांचीच होती. ती शब्दातून काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही.

पन्हाळा
हाच गुंता पुढे कोरियन युद्धाच्या शेवटी आपल्या लोकांपुढे आला. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९च्या जिनिव्हा कराराच्या ११८व्या कलमात लढाई थांबताच कैदी सोडून मायदेशी पाठवा असं आहे. पण हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी जायला तयार नव्हते. वाटाघाटी त्यावर वर्षाहून अधिक अडल्या. शेवटी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आमचे कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. परत जायला नकार देणारे चिनी आणि उत्तर कोरियन कैदीच सुमारे २२,६०० होते.

माझे आजोबा त्या फौजेत होते. ते तंबूचं सांगायचे. कैद्याला आत आणायचं, त्याच्या देशाचे लोक त्याला समजावणार, आणि तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एका दारानं गेला तर मायदेशी, दुसऱ्यानं गेला तर परत कुंपणात. काही कैदी आत येतानाच ओरडत, अंगावर धावून जात. आपल्या जवानांना त्यांना दोन्ही दंडांना धरून बसवावं लागे. आजोबा या सगळ्याला 'इचारपूस' म्हणायचे. दुसरा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

कृष्णाकाठ
पन्हाळादादा, म्हणजे विचारून पाठवलं तर 'पाठवणी', न विचारता दिलं तर 'हवाली'. दोन्ही ठेवा की!

शुद्धमराठी
'स्वाधीन'.

पन्हाळा
कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर वळिवड्याच्या पोलिश छावणीचंही सांगतो. सोव्हिएतांनी सायबेरिया-कझाकस्तानात नेलेली ही पोलिश कुटुंबं, सुमारे पाच हजार माणसं, इराणमार्गे आपल्याकडे आली. १९४३ ते १९४८ इथं राहिली. युद्ध संपलं तेव्हा त्यातल्या अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. बहुतेक जण परतले नाहीत, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे पांगले. त्यांना कुणी ओढून ट्रकमध्ये घातलं नाही. या फरकाला मराठीत शब्द हवा, असं मला मनापासून वाटतं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. लिएंट्सच्या प्रसंगापुरतं मी 'बळजबरीने हवाली करणे' सुचवणार आहे, बाकी ठिकाणी 'परत पाठवणे'. संपादक मानतील का, माहीत नाही. आता नवी अडचण : त्यांना 'निर्वासित'च्या जागी 'शरणार्थी' हवंय.

शब्दपारखी
मुळीच नको, ते हिंदी वळण आहे. मात्र संस्कृतात 'निर्वासित' म्हणजे हाकलून दिलेला. आसरा मागायला आलेला हा अर्थ मराठीनं नंतर दिला.

कॅम्पनंबरचार
मी उल्हासनगरचा सिंधी, मराठी शाळेत शिकलेलो. माझ्या वडिलांना 'निर्वासित' शब्दाचा फार राग यायचा. म्हणायचे, आम्ही फुकट काही खाल्लं नाही, दुकान टाकून उभे राहिलो. पन्हाळासाहेब, तुमच्या वळिवड्याच्या त्याच छावणीच्या जागेवर पुढे आमचे लोक आले, आजचं गांधीनगर. तिथल्या कापडाच्या पेठेत कुणाला निर्वासित म्हणून बघा.

शब्दपारखी
पण मग लेखात काय लिहायचं? 'विस्थापित' तर धरणग्रस्तांना गेला.

कॅम्पनंबरचार
माणसं लिहा. 'रशियन माणसं'.

शुद्धमराठी
'माणसं' चालेल, पण लेखी मराठीत 'माणसे' लिहावं.