तापीकाठच्या गावाची स्मशानभूमी नव्याने आखताना जुन्या खुणा कशा राखाव्यात?

प्रश्न : तापीकाठ (शिरपूर तालुका)

आमच्या ग्रामपंचायतीला स्मशानभूमीच्या सुधारणेसाठी निधी मंजूर झाला आहे. गावातला वास्तुरचनेचा एकमेव विद्यार्थी म्हणून आराखडा सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नदीच्या बाजूला दहनाचा ओटा आहे, त्यामागे गोसावी कुटुंबांच्या समाध्या आणि लहान मुलांना पुरण्याची जागा आहे, तर नाल्यापलीकडे भिल्ल वस्तीची दफनाची जागा आहे. गावाकडून येणाऱ्या वाटेवर वडाखाली तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा) आणि एक सतीशिळा उभी आहे. पंचायतीच्या मनातले चित्र शेजारच्या गावातील कामावरून आलेले आहे : चहूबाजूंनी भिंत, कमान, सर्वत्र पेव्हर ब्लॉक, थोडी हिरवळ आणि "गावाचा इतिहास दिसावा" म्हणून भिंतीवर रंगीत चित्रे. मला हे पटत नाही, परंतु त्याऐवजी काय करावे हे नेमकेपणाने सांगताही येत नाही. या विषयाचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निंबसावली (धुळे)

मी भूदृश्यरचनेचे काम करते. माझा पहिला सल्ला असा, की कागद उघडण्यापूर्वी गावातल्या दोन-तीन अंत्ययात्रांबरोबर चालून पाहा. तिरडी विसाव्याला कोठे टेकवतात, खांदेकरी कोठे बदलतात, अश्मा म्हणून खडा कोठून उचलतात, रक्षा सावडण्यासाठी पाणी कोठून आणतात आणि दहाव्याला पिंड कोणत्या झाडासमोर ठेवतात, हे नकाशावर उतरवल्यावर तुमचा निम्मा आराखडा आपोआप तयार होईल, कारण आपल्याकडे स्मशानाचा इतिहास बांधकामापेक्षा या वाटेत अधिक साठलेला असतो. पुष्कळ ठिकाणी सुधारणेच्या नावाखाली विसाव्याचा दगड पहिल्याच दिवशी जेसीबीखाली जातो. दशक्रियेसाठी देखणी शेड उभी राहते, पण कावळे बसणारे जुने झाड तोडलेले असते, आणि मग पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत माणसे तासन्‌तास उन्हात ताटकळतात.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलायचे, तर जालियनवाला बाग आठवावी. सैनिक ज्या अरुंद बोळातून आत शिरले, त्या बोळाच्या भिंतींवर २०२१ मधील नूतनीकरणात शिल्पे बसवण्यात आली आणि त्यावर इतिहासकारांनी कडक टीका केली. त्या उघड्या, अंगावर येणाऱ्या भिंतीच जे सांगत होत्या, ते शिल्पांमुळे झाकले गेले. तुमच्या वीरगळांचेही तसेच आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची वाचण्याची रीत खालून वर जाते. म्हणून ते सिमेंटच्या चौथऱ्यात अर्धे गाडू नयेत, तैलरंग तर मुळीच लावू नये, आणि शक्य तोवर जागेवरून हलवू नयेत. भोवती पाणी साचणार नाही एवढा उतार आणि बसायला एक साधा दगडी कट्टा पुरेसा आहे.

झाडांमध्ये कडुनिंब आणि खुरचाफा यांना पर्याय नाही. चाफा उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, पण पाण्यावाचून तग धरतो. मे महिन्यात आपल्याकडे हिरवळीचे काय होते हे वेगळे सांगायला नको. पेव्हर ब्लॉक केवळ मुख्य वाटेपुरते ठेवावेत, कारण त्या उन्हात अनवाणी चालणाऱ्यांचे पाय अक्षरशः भाजतात. शिवाय तापीवरच्या बंधाऱ्यांमुळे काठाची पाणीपातळी जुन्या घाटांच्या काळासारखी राहिलेली नाही, तेव्हा ओट्याची उंची ठरवण्याआधी पाटबंधारे विभागाकडून पूररेषा मागवून घ्यावी.

उत्तर : सातपुडा-शिक्षक (नंदुरबार)

वरील उत्तराशी सहमत आहे. माझा आक्षेप भिंतीला आहे. ती नाल्याच्या अलीकडून गेली, तर भिल्ल वस्तीची जागा कायमची "बाहेरची" ठरेल, आणि पलीकडून नेली, तर त्यांना न विचारता त्यांच्या पूर्वजांभोवती कुंपण पडेल. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आमच्या जिल्ह्यात सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात ३३ गावे आली. घर-शेतीचा मोबदला निदान कागदावर मोजता आला, पण पूर्वज जिथे आहेत ती जमीन मोजायला कोणाजवळच रकाना नव्हता. त्यामुळे आधी वस्तीत जाऊन बसा, आणि नकाशा नंतर दाखवा.

स्मारकासाठी वेगळे उद्यान लागतेच असेही नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याचे चार सहकारी गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक माणिक चौकात, भर वस्तीत आहे, आणि बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या जवळून जातो. तुमचे वीरगळही वाटेवरच आहेत, हे तुमचे भाग्य समजा.

प्रश्नकर्ता : तापीकाठ

भिंतीऐवजी मेंदी किंवा शेराचे कुंपण सुचवतो, आणि नाल्यावर लहान फरशीपूल. एक शंका राहते : काही ज्येष्ठांना सर्व मृतांच्या नावांची शिळा हवी आहे. दहन झालेल्यांची कबर नसते, मग खूण म्हणून नाव असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : बोरीकाठचे आजोबा (अमळनेर)

या विचाराला आधार आहे. नागालँडमधील कोहिमाच्या दुसऱ्या महायुद्धातील युद्धस्मशानभूमीत १,४२० जणांच्या कबरी आहेत, आणि ज्यांचे दहन झाले त्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. परंतु तिथली यादी एका लढाईपुरती आहे, तुमच्या गावाची यादी दरवर्षी वाढणार आहे. पहिले नाव कोणाचे, कोणाचे राहून गेले, देणगीदाराचे अक्षर किती मोठे, या वादात ती शिळा दहा वर्षांत गावाला नकोशी होईल, असे मला स्पष्ट वाटते.

आपल्या खान्देशात पितरांची आठवण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी होते. घागर भरली जाते, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवले जाते, आगारी टाकली जाते (विस्तवावर पितरांना घास अर्पण होतो) आणि नावे तेव्हा घेतली जातात. स्मशानात त्यासाठी काही बांधायची गरज नाही. फार तर विसाव्याजवळ एक रांजण आणि हातपंप द्या. येणाऱ्याला हात-पाय धुवायला पाणी मिळेल, आणि रांजण रोज भरण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र पंचायतीच्या ठरावात आत्ताच लिहून घ्या.