फॉर्मची माहिती एक्सएमएलमध्ये ठेवावी, की तक्त्यातच बरी?

लातूरची ताई: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सोयाबीन बियाणे मागणीचा फॉर्म ऑनलाइन आहे. भरलेली माहिती सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत पडते. माझं ठाम मत आहे, फॉर्म सर्व्हरवर आला की तिथंच त्याचं एक्सएमएल करावं, म्हणजे प्रत्येक माहिती नावाच्या खुणांमध्ये, एकात एक घालून लिहावी. कुणाचे गट किती, हे आधी कसं ठरवणार? आम्ही ‘गट १, गट २, गट ३’ असे रकाने केले. एका काकांना चार गट. चौथा त्यांनी ‘शेरा’मध्ये लिहिला आणि त्याचं बियाणं धरलंच गेलं नाही. पेरणीच्या तोंडावर माणूस परत गेला. मला हे हवंय:

<शेतकरी><गट क्रमांक="४/२"><क्षेत्र>१.२०</क्षेत्र></गट></शेतकरी>

गट चार असोत की नऊ, आत मावतात.

परभणीकर: ताई, अडचण खरी आहे, पण त्यासाठी एक्सएमएलच कशाला? जेसन या माहिती लिहायच्या दुसऱ्या पद्धतीतही यादीत यादी बसते, लिखाण कमी. फॉर्ममधून थेट एक्सएमएल पाठवायला २००३ मध्ये एक्सफॉर्म्स आलं होतं, ब्राउझरमध्ये ते रुजलंच नाही. आणि आमच्याकडं फॉर्म तपासणाऱ्या पोरीला एक्सेल येतं, स्कीमा (एक्सएमएलमध्ये काय कसं असावं याचे नियम) नाही. चूक दुरुस्त कुणी करायची?

लातूरची ताई: एक्सेलचंच सांगते दादा. इंग्रजी आकड्यांतला गट ४/२ तिथं उघडला की तारीख होतो. जेसनमध्ये १.२०, म्हणजे १ हेक्टर २० आर, आकडा म्हणून गेला की १.२ उरतो. पुढचा माणूस १ हेक्टर २ आर वाचतो. १८ आरांचं बियाणं गेलं.

परभणीकर: अवतरणात टाका, शून्य राहील.

नांदेडहून: त्यापेक्षा हेक्टर आणि आर वेगळे विचारा, वादच मिटतो. ताईंच्या नमुन्यातही एक खोट आहे. स्कीमात क्षेत्र दशांश ठेवलं तर मराठी आकड्यांतलं १.२० नामंजूर होतं, तिथं इंग्रजीच आकडे लागतात. आधी आकडे बदलून घ्या. दुसरं, मजकूर जोडून हातानं एक्सएमएल बनवू नका. शेऱ्यात कुणी ‘सोयाबीन & तूर’ लिहिलं की त्या एका & पायी अख्खी फाइल वाचता येत नाही. एक्सएमएल लिहिणाऱ्या तयार कोडकडून (लायब्ररीकडून) लिहून घ्या. आणि ‘ठिबक आहे’ची चौकट रिकामी सोडली तर ब्राउझर काहीच पाठवत नाही. ‘नाही’ म्हणाला की प्रश्न पाहिलाच नाही, कसं कळणार? तिथं हो-नाही असे दोन पर्याय द्या.

लातूरची ताई: हेक्टर-आर आजच वेगळे करते, आकडेही बदलून घेते. एक्सएमएल मात्र सोडत नाही. टॅलीत नोंदी आम्ही एक्सएमएलनंच चढवतो, एक्सएमएलचं रूप बदलणारी एक एक्सएसएलटी लिहिली की पुन्हा टायपिंग नको. तपासणाऱ्यांना तक्ता त्यातूनच काढून देईन.

परभणीकर: तक्ता मिळणार असेल तर पोरीची तक्रार नाही. माझी आहे, स्कीमा बदलायचा झाला की तुम्ही एकट्याच.