क्युबिकलमधले आठ तास : तुम्ही जागा कशी लावून घेतलीत?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या हिशेब विभागात मी 11 वर्षं आहे. तीन बाजूंनी फळ्या, मध्ये खुर्ची आणि मॉनिटर. गेल्या पावसाळ्यात मान अशी धरली की रस्ता ओलांडताना वळून बघता येईना. फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बसल्यावर पाय कुठं असतात?" तेव्हा ध्यानात आलं, अधांतरी.

माझी उंची पाच फुटांच्या आत. टेबल मात्र सगळ्यांना एकाच मापाचं. खुर्ची खाली घेतली की खांदे वर चढायचे, वर घेतली की पाय लोंबायचे. शेवटी घरातला जुना जेवणाचा पाट नेला, पितळी फुल्यांचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला. खुर्ची इतकी वर केली की कोपर टेबलाच्या बरोबरीला आलं, आणि पाय टेकवले पाटावर. मॉनिटरखाली कागदाची दोन रिमं ठेवली, त्यामुळं वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. तीन आठवड्यांत मान मोकळी. इतकी वर्षं उगाच सोसलं याची फार हळहळ वाटते, म्हणून हा धागा. बारीकसारीक असेल तरी लिहा.

राजारामपुरीकर

ताई, माझं दुखणं डोळ्यांचं. दिवसभर कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर, ड्रॉइंग असतं. खिडकी पाठीमागं, त्यामुळं दुपारी तीननंतर स्क्रीनवर नुसती चमक. रेषा दिसत नाही म्हणून पुढं वाकायचं, मग पाठही गेली. साहेबांना सांगून टेबल काटकोनात फिरवून घेतलं, आता खिडकी डाव्या हाताला आहे. एकटक बघताना पापण्या कमी लवतात म्हणून डोळे चुरचुरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडं 20 सेकंद बघा म्हणाले. फळ्यांच्या आत 20 फूट आणायचे कुठनं? उभा राहिलो की फळीवरनं गेटजवळची चिंच दिसते. तेवढ्यात पाठही सुटते.

एक गोष्ट वाचल्यापासून माझी भीड गेली. 1968 मध्ये अमेरिकेतल्या हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी या फळ्यांची रचना आणली, ती माणसाला आपली जागा हवी तशी हलवता यावी म्हणून. जागा वाचवायला तिचे दाटीवाटीचे चौकोन नंतर झाले. त्यामुळं टेबल फिरवून मागायला लाजू नका.

कागल एमआयडीसी, खरेदी विभाग

आमच्यात प्रश्न आवाजाचा. माझं काम फोनवरचं, पलीकडं कॉस्टिंगवाले, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब काढणारे. फळी छातीइतकी, आवाज वरनं सरळ पलीकडं जातो. एकदा शेजारच्या दादांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या एका फोनमागं माझी अख्खी बेरीज परत करावी लागती." मला मनापासून वाईट वाटलं. आम्ही चौघं बसून ठरवलं: 10 ते 12 या वेळेत मोठे फोन बाहेर पॅसेजमध्ये, स्पीकर कधीच नाही, आणि कुणी हेडफोन घातला असेल तर हाक न मारता चिठ्ठी ठेवायची. मालकापर्यंत जायची गरजच पडली नाही. त्या दोन तासांत माझीही पत्रव्यवहाराची कामं उरकायला लागली.

शाहूपुरी

एसीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? झोत थेट माझ्या डोक्यावर, आणि दोन फळ्या सोडून बसणारी मैत्रीण घामानं निथळतेय. फळ्यांमुळं हवा फिरत नाही, त्यामुळं आकडा कितीही खाली आणला तरी तिच्यापर्यंत गारवा पोचत नव्हता. वायरमनदादांनी झडपा वर वळवून दिल्या, तिला छोटा टेबलफॅन मिळाला, आकडा 24 वर ठरला. जुलैत मोपेडवरनं भिजून येणाऱ्यांसाठी सांगते: ड्रॉवरमध्ये कोरडे मोजे आणि एक सुती पंचा कायम ठेवा. ओल्या पायानं एसीत बसणं फार वाईट.

उद्यमनगर

डबा टेबलावर खायचा सोडला, एवढंच माझं. चौघं मिळून कॅन्टीनमध्ये बसतो, नंतर आवारात दोन फेऱ्या मारतो. तीन वाजताची पेंग बरीच कमी झाली.

राजारामपुरीकर

ताई, एक विचारायचं राहिलं. माऊस धरून उजवं मनगट दुखतंय, उपाय?

धागाकर्ती

दादा, माऊस कीबोर्डला चिकटून आहे का लांब? मला हात लांबवून धरायची सवय होती. जवळ ओढला आणि मनगटाऐवजी कोपरातनं हात हलवायला लागले, तेव्हा आराम पडला. पण मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि शाहूपुरीच्या ताई, झडपा वळवायचं आमच्याकडं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. उद्या आमच्या इलेक्ट्रिशियनला बोलावते.